पायांवर बाळ घेऊन बसलेला बाप

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

माझे वय ६७ आहे. सातपूरच्या एका कारखान्यात ३४ वर्षे तिन्ही पाळ्यांत काम करून निवृत्त झालो. मुलगा संगणक क्षेत्रात नोकरीला असून आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम करतो. सून बँकेत जाते. नात नऊ महिन्यांची आहे. तिला मुलगा न्हाऊ घालतो. पाटावर पाय पसरून बसतो, कोपराने पाणी बघतो, तिला पायांवर पालथी घेतो, अगदी बायकांसारखा. शी-शू काढतो, रात्री उठतो. मध्यंतरी त्याला बढती देऊन पुण्याला बोलावत होते. मुलगी लहान आहे म्हणून त्याने नकार दिला आणि हे मला मागाहून कळले. गेल्या महिन्यात व्याही-विहीणबाई आल्या असताना माझ्या तोंडून निघून गेले, "आमच्या घरात आता दोन आया झाल्या, बाप कोणीच उरला नाही." तेव्हापासून मुलगा कामापुरते बोलतो आणि मी बैठकीत आलो की नातीला घेऊन वरच्या खोलीत जातो. त्या रात्री पत्नीने विचारले, "तुम्ही आपल्या मुलाला पहिल्यांदा कधी घेतले होते, आठवते का?" बाळंतपण तिच्या माहेरी, येवल्याला झाले होते. मला आठवेना. नात माझ्याकडे येत नाही, घेतले की रडते. सरकारी कागदांवरही आता आईचे नाव आधी आणि बापाचे नंतर आले आहे. बापाने बाप असू नये का? येत्या गुरुवारी नातीला लस द्यायची आहे, मुलाने रजा टाकली आहे. मला कोणी विचारलेही नाही.
— एक आजोबा, नाशिकरोड

उत्तर

सप्रेम नमस्कार वि. वि.

काका, तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे आणि ते मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला तुमचा राग दिसला. दुसऱ्या वाचनात मात्र "मला आठवेना" या दोन शब्दांपाशी मी थांबले. बाकीच्या पत्रातला राग तिथूनच निघाला असावा असे मला वाटते, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते. तत्पूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगते. व्याह्यांसमोर तुम्ही जे बोललात ते चुकलेच. त्या एका वाक्याने मुलाचा पाणउतारा झाला, सुनेच्या आईपणाला उणेपणा आला आणि ज्यांनी आपली मुलगी तुमच्या घरी दिली त्यांना चहाच्या कपासमोर मान खाली घालावी लागली. याबद्दल पुढे लिहिते.

तुम्हाला आठवत नाही याचे कारण तुमच्यात माया नव्हती हे नाही. तुमच्या पिढीत पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत होती आणि ती आजही पुष्कळ घरांत टिकून आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जायची आणि बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की परत यायची. मधल्या काळात बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू आणि घरातल्या चार बायका असत. पुरुषाने उंबरठ्याशी उभे राहून विचारपूस करायची असा संकेत होता. बाप यायचा तो बारशाला, कारखान्यातून एका दिवसाची रजा काढून, अंगडे-टोपडे आणि पेढ्यांचा पुडा घेऊन. बाळाच्या कानात नावदेखील आत्याने कुर्र करून सांगायचे. बाळ बापाच्या घरी येईपर्यंत कोणते रडणे भुकेचे आणि कोणते पोटदुखीचे हे आईला पाठ झालेले असे, आणि बाप त्या अभ्यासात तीन महिने मागे पडलेला असे. शाळेत तीन महिने उशिरा आलेल्या मुलाला कोणीतरी शेजारी बसवून शिकवते. बापाला कोणी शिकवले नाही, कारण त्याने शिकावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

त्यानंतर पाळ्या आल्या. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमध्ये ज्यांनी आयुष्य काढले त्यांच्या घरी रात्रपाळीच्या आठवड्यात "बाबा झोपलेत, आवाज करू नका" हे वाक्य दिवसभर ऐकू येत असे. माझे वडील कारखान्यात नव्हते, ते पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक होते. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून मुंबईला जात आणि रात्री दहाच्या सुमारास परत येत. रविवारी सकाळी ते आम्हा भावंडांना गॅलरीत एका रांगेत बसवून नखे कापून देत, वर्तमानपत्राचा कागद खाली पसरून, एकेक बोट चिमटीत धरून. आठवडाभरात त्यांचा आम्हाला होणारा स्पर्श बहुधा तेवढाच होता. ते वाईट बाप होते असे मी कधीही म्हणणार नाही. पण आज माझ्या वयाच्या माणसाने वडिलांविषयी बोलताना नेलकटरपाशी अडावे, यात काहीतरी राहून गेले एवढे मी नक्की म्हणेन.

तुम्ही ३४ वर्षे पाळ्या केल्यात म्हणून घर उभे राहिले आणि मुलगा शिकला. हे बापपण खरे होते आणि त्याचा हिशेब कोणी लहान करू नये. मात्र त्या काळी बापपणाची वाटणी कशी झाली होती ते एकदा पाहा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व (म्हणजे सज्ञान नसणे) व पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक वडील, आणि त्यांच्यानंतर आई, असे लिहिले गेले. त्याच कलमात पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईच्या ताब्यात राहील असेही म्हटले गेले. याचा सरळ अर्थ असा की अंगावर पाजण्याचे, रात्री जागण्याचे वय आईकडे आणि सही वडिलांकडे. "नंतर" म्हणजे केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, तर ते प्रत्यक्षात पालकत्व निभावत नसतील तेव्हाही आई पालक आहे, हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला तो १९९९ मध्ये. तुम्ही ज्या नावाच्या क्रमाबद्दल तक्रार केली आहे तोही याच मालिकेतला आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला. तुमच्या मुलाचे नाव त्यातून कोणी काढलेले नाही. पूर्वी वेगळ्या रकान्यात बसलेले आईचे नाव ओळीत आले, एवढेच. काम तिचे पहिल्या दिवसापासून होते, नाव उशिरा पोहोचले. तुमच्या मुलाच्या बाबतीत उलटा प्रवास चालू आहे. त्याच्याकडे सही आधीच होती, तो काम घेतो आहे.

"अगदी बायकांसारखा" असे तुम्ही लिहिले आहे. काका, अंगावर पाजणे सोडले तर बाळाचे असे एकही काम नाही जे पुरुषाच्या शरीराला जमू नये. फिलिपिन्समधील सेबू येथील सहाशेहून अधिक पुरुषांचा काही वर्षे पाठपुरावा करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की बाप झाल्यावर पुरुषाच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण उतरते, आणि रोज तीन तास किंवा अधिक वेळ बाळाचे करणाऱ्या बापांमध्ये ते, काहीच न करणाऱ्या बापांपेक्षा, कमी असते. म्हणजे मूल सांभाळायला लागणारा पुरुष निसर्गाच्या विरुद्ध जात नाही, त्याचे शरीरच त्या कामाकडे वळते. अर्थात हा पुरावा मी केवळ वादापुरता देते. मला तुमच्याच पत्रातले वर्णन जास्त पटले. कोपराने पाणी बघणे, पाय पसरणे, पालथे घेणे, हे सगळे क्रमाने आणि अचूक लिहिणारा माणूस दाराआड बराच वेळ उभा राहिलेला असतो. नुसती चीड असती तर तुम्ही पहिल्याच दिवशी तोंड फिरवून बाहेरच्या ओट्यावर गेला असता.

आता बढतीचा प्रश्न. इथे तुमची काळजी मला निराधार वाटत नाही, आणि तुमच्या वयाच्या माणसाने ती केली नाही तरच नवल. पण मुलाच्या बाजूचा हिशेब असा आहे. मातृत्व लाभ कायदा झाला १९६१ मध्ये. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरी करणाऱ्या आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. बापासाठी खासगी नोकरीत असा कोणताही कायदा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी कंपनी देईल ते तिच्या मर्जीवर. २०१७ मध्ये हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी सर्व क्षेत्रांतील बापांना अशी रजा मिळावी म्हणून लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा तुमच्या मुलासारख्या माणसाला बाळासाठी वेळ हवा असेल तर तो स्वतःच्या हक्काच्या रजेतून, झोपेतून किंवा बढतीतून काढावा लागतो. पुणे नाशिकपासून दोनशे किलोमीटरच्या वर आहे. तिथे गेला असता तर तो शनिवार-रविवारचा बाप झाला असता आणि सुनेला नोकरी व बाळ ही दोन्ही टोके एकटीने धरावी लागली असती. पुढच्या वर्षी तीच संधी पुन्हा येईल अशी हमी मी देणार नाही. घराचे हप्ते, तुमच्या दोघांच्या औषधपाण्याचा खर्च याची चिंता असेल तर ती मुलगा आणि सून दोघांना एकत्र बसवून, आकडे समोर ठेवून विचारा. निर्णय मात्र त्या दोघांचा आहे आणि तो झालेला आहे.

एवढे लिहिल्यावर तुमच्या मुलाला हार घालण्याचा मात्र माझा विचार नाही. हल्ली बापाने कडेवर मूल घेऊन कॉलेज रोडवर एक चक्कर मारली तरी चार लोक थांबून कौतुक करतात. त्याच मुलाला दिवसभर कडेवर घेणाऱ्या आईकडे कोणी वळून पाहत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील पुरुषांपैकी २६.१ टक्के पुरुषांनी दिवसभरात घरचे विनामोबदला काम केले, स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रियांनी केले. आणि ज्यांनी केले त्यांतही पुरुषांची सरासरी ९७ मिनिटांची तर स्त्रियांची २९९ मिनिटांची होती. तुमच्या पत्रातही हेच प्रमाण मला दिसले. चार पानांत सून एकाच वाक्यात आली आहे, "बँकेत जाते" एवढ्यापुरती. काकू त्या रात्रीच्या एका प्रश्नापुरत्या आल्या आहेत, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी "गुडघे दुखतात तरी ही दिवसभर तिच्यामागे असते" या ओळीत. मुलगा ज्या दोन दिवशी कार्यालयात जातो त्या दिवशी बाळ कोणाकडे असते? घरून काम करतानाही त्याची बैठक चालू असली की खिमट कोण भरवते? तुमच्या घरातल्या दोन पगारांचा भार काकूंच्या दुखऱ्या गुडघ्यांवर आहे. घरात बाप उरला नाही असे तुम्ही म्हणता. मला तर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात एक धडधाकट, मोकळा पुरुष त्या घरात रिकामा बसलेला दिसतो आणि तो तुमचा मुलगा नाही.

म्हणून माझा सल्ला असा की माफीच्या शब्दांची जुळवाजुळव करत बसण्याआधी दिवसातले दोन तास स्वतःकडे घ्या, उदाहरणार्थ दुपारी तीन ते पाच. "मदत करतो" असे म्हणू नका. मदत करणाऱ्याला दुपटी कुठे आहेत हे दर वेळी सांगावे लागते. ज्याचे काम आहे त्याला ते माहीत असते. त्या दोन तासांत नाचणीची पेज ढवळणे, ती कोमट झाली का हे मनगटावर थेंब टाकून पाहणे, भरवणे, तोंड पुसणे आणि शी केली तर धुणे हे सगळे तुमचे. विशेषतः शेवटचे. "अगं, हिने केली बघ" अशी हाक घरातले पुरुष ज्या सहजतेने मारतात ती हाक तुम्ही गिळलीत, की काकूंना तुमचे म्हणणे न बोलता कळेल. त्या वेळात काकूंनी देवळात जावे, झोपावे, नाही तर गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाऊन यावे. तुमच्यावर नजर ठेवायला बैठकीत बसू नये, हे त्यांनाही माझ्या वतीने सांगा. तेल लावण्याची वेळ आली तर अंगाला लावा, जुन्या सवयीने कानात आणि नाकात सोडू नका. हल्लीचे बालरोगतज्ज्ञ त्याला सक्त मनाई करतात.

नात तुमच्याकडे येत नाही याचा तुम्ही जो अर्थ लावला आहे तो चुकीचा आहे. सात-आठ महिन्यांनंतर बाळाला आपले आणि परके यांतला फरक कळू लागतो आणि रोजच्या स्पर्शातली माणसे सोडून बाकीच्यांना ते बिचकते. हे वाढीचे लक्षण आहे, तुमच्याविषयीचे मत नाही. तिला उचलून घेण्याची घाई करू नका. ती काकूंच्या मांडीवर असताना समोर जमिनीवर बसा, तिच्याकडे एकटक पाहू नका, हातात एक वाटी आणि चमचा घेऊन वाजवत राहा. कारखान्यातल्या माणसाला हाताने काही करत बसणे जमते. दोन-चार दिवसांत ती वाटीसाठी रांगत येईल, चमचा हिसकावून तोंडात घालील, मग तुमचा चष्मा ओढील. चष्मा ओढला की समजा जमले. याला आठवडा लागो की पंधरवडा, मध्ये तिला मोबाइल दाखवून फसवू नका.

माफीचे म्हणाल तर ती तीन ठिकाणी मागावी लागेल. मुलाजवळ आणि सुनेजवळ घरात; व्याह्यांना फोन करून, कारण अपमान ज्यांच्यासमोर झाला त्यांच्यापर्यंत माफी पोहोचली नाही तर ती अर्धीच राहते. "माझे काही चुकले असेल तर" अशी सुरुवात करू नका. त्या "असेल तर"मध्ये सगळे वाहून जाते. "मी त्या दिवशी बोललो ते चुकीचे होते" एवढे पुरे आहे. मुलानेही हे वाचले तर त्याला एक सांगायचे आहे. वडिलांवर रागावण्याचा त्याला अधिकार आहे, पण वडील बैठकीत आले की बाळाला उचलून वर नेणे ही शिक्षा त्या बाळालाही होते, आणि जो मनुष्य मुलीसाठी बढती सोडतो त्याला हे कळण्यासारखे आहे. सुनेला माझा काही निरोप नाही. तिचे या प्रकरणात काही चुकलेले नाही.

नातीला न्हाऊ घालायला मुलाकडून शिकून घ्या, असेही मी लिहिणार होते. पण तुमच्या वयात पाय पसरून पाटावर बसून नऊ महिन्यांचे वळवळते बाळ सांभाळणे सोपे नाही, साबणाचे अंग निसटते. तुम्ही पाणी काढून द्या, कोपराने बघून. नंतर पंच्यात गुंडाळलेली ती तुमच्या हातात येईल.

राहिला गुरुवार. कोणी विचारण्याची वाट पाहू नका, बुधवारी रात्री जेवताना "उद्या मीही येतो" म्हणा. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस असतो आणि त्याच वेळी जीवनसत्त्व 'अ'चा पहिला डोस चमच्याने पाजतात. लसीकरणाचे कार्ड तुम्ही खिशात ठेवा आणि पुढची तारीख तुम्हीच लिहून घ्या. लस दिल्यावर बाळाला घेऊन अर्धा तास तिथेच थांबायला सांगतात. ती रडून दमलेली, मुलाच्या खांद्यावर झोपेला आलेली असेल आणि तुम्ही दोघे एकाच बाकावर समोरच्या भिंतीकडे पाहत बसलेले असाल. एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही अशी ती जागा आहे. त्या अर्ध्या तासात त्याला येवल्याची गोष्ट सांगा, उंबरठ्यापर्यंतचीच, जेवढी आठवते तेवढी. आणि निघताना पिशवीत एक जास्तीचे दुपटे टाकायला विसरू नका.